ओळखीचं अंडं

उन्हाळा असा पेटला होता की अंडी उबवायला यंत्र कशाला हवंय, नुसती अंगणात मांडून ठेवा, पिल्लं आपणहून चालत येतील, अशी थट्टा लोक करायचे. थट्टा करणाऱ्याचं काय जातं! उबवणी केंद्रात राबणाऱ्यांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. वीज घटकाभर यायची आणि दोन घटका गायब व्हायची. जनरेटर खोकत खोकत चालायचा. यंत्राच्या खोलीतला उष्मा वाढला की अंड्यातला जीव आतल्या आत मरायचा, आणि तो मेला की मालकाच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

त्या पट्ट्याचे फटके बहुतेक चौकश्याच्या वाट्याला यायचे. चौकश्या हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते त्याने स्वतःच्या जिभेने कमावलेलं होतं. रस्त्यात कुणी खड्डा खणताना दिसला की हा थांबलाच. किती खोल जाणार, कशासाठी, माती कुठे टाकणार, सगळं विचारून झाल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. बायको म्हणायची, "ह्यांना न्यायला यमदूत आला ना, तरी हे त्याला रेड्याचं वय विचारत बसतील." ट्रे धुणं, गोणपाटं भिजवून खिडक्यांना लावणं, फरशीवर पाणी मारत राहणं, ही त्याची कामं. पायाची बोटं दिवसभर पाण्यात राहून पांढरी पडलेली, आणि पाठ घामाने भिजलेली.

बायको होती दिव्याच्या खोलीत. खिडक्यांना काळा कागद लावलेली लहानशी खोली, मधे टेबल, टेबलाला भोक, भोकाखाली दिवा. भोकावर अंडं धरलं की पोटातलं दिसायचं. जीव धरलेलं अंडं आतून काळपट, लाल शिरांचं. जीव न धरलेलं नुसतंच पिवळं, स्वच्छ. त्याला तिथे सगळे 'कोरं' म्हणत. भरलं ते ट्रेमध्ये, कोरं ते टोपलीत. तिचा हात इतका बसला होता की बोलता बोलता अंडी सरकत राहायची.

केंद्राच्या मागच्या बाजूला एका खोलीत हे बिऱ्हाड राहायचं. नवरा, बायको, त्याची म्हातारी आई आणि पाच वर्षांची पोर. पोर एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. पण हल्ली भिंगरीचं काहीतरी बिनसलं होतं. परवाच आईला मदत म्हणून अंडं ट्रेमध्ये ठेवायला गेली आणि ट्रेच्या बाजूला ठेवलं. अंडं फुटलं, बलक फरशीवर पसरला. आईने पाठीत धपाटा घातला. "डोळे आहेत का भोकं? एवढा मोठा ट्रे दिसत नाही?"

भिंगरी रडली नाही. कपाळ चोळत उभी राहिली. हे कपाळ चोळणंही हल्लीचंच. शाळेतल्या बाई म्हणायच्या, पुस्तक समोर धरलं की ही जांभया देते, खिडकीबाहेर बघते. म्हातारीचं मत ठरलेलं होतं. "नाटकं आहेत सगळी. बापासारखी तोंडाने पुढे आणि कामाला मागे. झाडाच्या शेंड्यावरचं पाखरू हिला सगळ्यांआधी दिसतं, आणि म्हणे ट्रे दिसत नाही!"

खरंच होतं ते. लांबचं तिला टिपून दिसायचं. त्यामुळे डोळ्यांची शंका कुणालाच आली नाही.

अशातच एका सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बरोबर दोन माणसं आणि दोन पेट्या. शाळेत मुलांचे डोळे तपासायचे होते, पण त्यासाठी अंधारी खोली लागते, आणि शाळेचं छप्पर म्हणजे चाळणी. जिकडे तिकडे उन्हाचे कवडसे. गावात अंधारी खोली एकच, ती दिव्याची. बाई मालकाकडे आल्या. मालकाने आढेवेढे घेतले, पण आपल्या नातवाचेही डोळे फुकटात तपासून होतील हे लक्षात आल्यावर त्याचा सूर मऊ झाला.

"दुपारपर्यंत घ्या," तो म्हणाला. "दुपारी अंडी दिव्यावर घ्यायची आहेत. ती थांबत नसतात. ए चौकश्या! पोरांना आत-बाहेर करायला तू थांब. आणि बाईंचं डोकं खाऊ नकोस."

हे म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवल्यासारखं झालं. मालकाची पाठ वळायचा अवकाश, चौकश्या पेटीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"दोन-दोन यंत्रं कशाला बाई? एक बिघडलं तर दुसरं, असं?"

"नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "दोन्ही एकाच कामाची आहेत. लांबून डोळ्यात उजेड सोडायचा, तो आत जाऊन परत कसा येतो त्याचा फोटो घ्यायचा, आणि त्यावरून दोष ओळखायचा. मुलाला वाचता यायला नको, बोलता यायला नको. आजूबाजूच्या सगळ्या शाळांसाठी यातलं एक घ्यायचंय. कुठलं घ्यावं ते ठरवायला आलोय."

"उजेड सोडायचा आणि आतलं बघायचं!" चौकश्याने मांडीवर थाप मारली. "अगं ऐकलंस का? तुझाच धंदा आहे हा!"

बायको टेबलावरची अंडी आवरत होती. "मग आता अंड्यांना चष्मे लावा," ती म्हणाली.

पहिलं यंत्र जाडजूड कॅमेऱ्यासारखं होतं. त्यात रंगीत ठिपके लुकलुकायचे आणि पाखरासारखी किलबिल वाजायची. ते चालवणारा तरुण पोरगेलासा होता, त्याला चौकश्याने तिथल्या तिथे कॅमेरेवाला करून टाकलं. दुसरं यंत्र म्हणजे साधा मोबाईल, पाठीवर एक भिंगाची डबी चढवलेला. तो घेऊन मधे टांगलेल्या पडद्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात बसली ती मोबाईलवाली. दोघांच्याही यंत्रावर शेवटी एक खूण यायची. हिरवी आली तर ठीक. लाल आली तर मुलाला डॉक्टरकडे पाठवा.

"आणि तुम्ही कुठे बसणार?" चौकश्याने बाईंना विचारलं.

"मी बाहेरच्या खोलीत. मला यंत्रांचा निकाल कळता कामा नये. मी प्रत्येक मुलाच्या डोळ्यात थेंब घालून, भिंगं लावून स्वतः तपासणार. मग शेवटी ताडून बघायचं, कुठलं यंत्र किती वेळा चुकलं."

"हिरवी आलेल्या पोरांनापण थेंब?"

"हो तर. नाहीतर यंत्राच्या हातून कोण निसटलं, ते कसं कळणार?"

चौकश्याला हे फार पटलं. कोरी म्हणून काढलेली अंडीही मालक अधूनमधून फोडून बघायचा, एखादं भरलेलं टोपलीत गेलं नाही ना म्हणून. एक चूक भरलेलं फेकण्याची, दुसरी कोरं ठेवण्याची. दिवा दोन्हीकडे चुकू शकतो. "म्हणजे बाई, तुम्ही अंडी फोडणाऱ्या," तो म्हणाला. बाईंना काही कळलं नाही, तरी त्या हसल्या.

काम सुरू झालं आणि पहिल्याच पोराने गळा काढला. अंधार, अनोळखी माणूस, डोळ्यांवर रोखलेलं यंत्र. पोरगं स्टुलावर ठरेना. कॅमेरेवाला "इकडे बघ, इकडे बघ" करून घामाघूम झाला. मागे रांग वाढत चालली होती आणि ऊन चढत होतं. चौकश्याला राहवेना. तो पळत पिल्लांच्या खोलीत गेला आणि कालच निघालेलं एक पिल्लू ओंजळीत घेऊन आला. स्टुलाशेजारी उभा राहून त्याने ते पोराच्या नाकासमोर वीतभरावर धरलं, यंत्राच्या जरासं खाली.

"हे बघ कोण आलंय! चिव चिव!"

पोरगं गप्प. डोळे पिल्लावर खिळले. कॅमेऱ्याने किलबिल करून फोटो घेतला.

"काका, तुम्ही देवासारखे आलात," कॅमेरेवाला म्हणाला. "असंच धरून ठेवा."

मग काय, चौकश्याची छाती फुगली. पोर आलं की पिल्लू पुढे. एक पिल्लू दमलं की दुसरं. कामाला असा वेग आला की बघत राहावं. पडद्यापलीकडे मोबाईलवाली मात्र जिभेने टॉक टॉक करून, चुटक्या वाजवून पोरांना कसंबसं बघायला लावत होती. तिचे फोटो दोन-दोनदा घ्यावे लागत होते. चौकश्याने मनातल्या मनात निकाल देऊनही टाकला की कॅमेरा तो कॅमेरा, मोबाईल बिचारा रडका.

निकाल बाहेर सांगायचा नव्हता. पण चौकश्याच्या डोळ्यांसमोर खूण उमटणार आणि ती त्याच्या पोटात राहणार, हे कसं व्हावं? पोराला बाहेर सोडता सोडता तो आईबापांच्या कानात सांगून मोकळा व्हायचा. आणि सांगण्यासारखं खूपच होतं. लाल. पुन्हा लाल. एखादी हिरवी की परत लाल. बाहेर झाडाखाली बायकांची कुजबुज वाढली. अख्ख्या गावाची पोरं आंधळी आहेत की काय? एक म्हणाली पाणी वाईट आहे, दुसरी म्हणाली मोबाईल बघून झालं, तिसरीच्या घरी मोबाईल नव्हता, ती रडायलाच लागली.

मालकाचा नातू आला. गुबगुबीत, तेल लावलेला, शाळेत पहिला. पिल्लू बघून टाळ्या पिटल्या. कॅमेऱ्यावर लाल खूण आली. मालक दारातच उभा होता, त्याला ती दिसली आणि त्याचा चेहराही तसाच झाला.

"काहीतरी खोट आहे तुमच्या यंत्रात," तो गुरगुरला.

त्यानंतर भिंगरी. म्हातारीने तिचे केस पाण्याने चापून बसवले होते. ती स्टुलावर बसली, बापाच्या हातातल्या पिल्लाकडे कपाळाला आठ्या घालून बघू लागली. कॅमेरा किलबिलला. हिरवी खूण!

चौकश्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढ्या लालेलाल रांगेत त्याची पोर हिरवी. वेंधळी म्हणून धपाटे खाणारी, भोकं म्हणून हिणवलेली. तो तसाच बाहेर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमची भिंगरी पास!"

"वा रे वा," मालक म्हणाला. "ट्रेमध्ये अंडं ठेवता येत नाही ती पास, आणि माझा नातू नापास?"

चौकश्याला आतून गुदगुल्या झाल्या. मालकाच्या पुढे एवढं वरचढ ठरण्याची संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती. म्हातारी नातीचा हात धरून घराकडे निघालीसुद्धा. "हिरवी आली ना? मग थेंबबिंब काही नको. ते थेंब घातले की दिवसभर पोरांना धड दिसत नाही म्हणे, उजेड सोसत नाही. धडधाकट डोळ्यात औषध कशाला?"

"बरोबर आहे," चौकश्या म्हणाला. सकाळी ज्याला सगळ्यांना थेंब घालायचं बाईंचं म्हणणं एवढं पटलं होतं, तोच हा माणूस! स्वतःच्या पोरीवर आलं की माणसाची अक्कल अशी दुसऱ्या दाराने निघून जाते.

"अजून मोबाईलकडे व्हायचंय तिचं," मोबाईलवालीने पडद्याआडून हाक मारली.

भिंगरी तिकडे गेली. टॉक टॉक, चुटकी, लखकन उजेड. चौकश्याने सवयीने मान लांब करून बघितलं. लाल.

"हे रडकं यंत्र तुमचं," तो म्हणाला. "मालकांच्या नातवाला काय आलं होतं?"

"ते सांगायचं नसतं काका."

"मी बघितलंय. हिरवी आली होती."

"मग विचारता कशाला?"

चौकश्या तिथेच उभा राहिला. ओंजळीत पिल्लू गरम होत होतं. एक यंत्र ज्याला चांगलं म्हणतं त्याला दुसरं वाईट म्हणतं. एखाद्या वेळी ठीक आहे. पण सकाळपासून त्याने मान लांब करून करून पाहिलं होतं. जवळजवळ प्रत्येक पोराच्या बाबतीत तेच. दोन दिवे थोडेफार वेगळे असतील, पण एका दिव्याला जे भरलं दिसतं ते दुसऱ्याला कोरं कसं दिसेल? हे कोडं आता त्याला घास गिळू देणार नव्हतं. पोर पास झाल्याचा आनंद एकीकडे आणि हे एकीकडे. सोडून द्यावं, असंही त्याला वाटलं. घरी जावं, दार लावावं, पोर पास आहे. पण चौकश्याचा स्वभाव चौकश्यालाच आवरत नव्हता.

तो बायकोजवळ गेला. ती भिंतीशी ट्रे रचत होती.

"अगं, दोन यंत्रं उलटसुलट बोलतायत. कुणाचं खरं मानायचं?"

ती कंबर धरून सरळ झाली. "मला काय विचारता? दिव्याची शंका आली की आपण काय करतो?"

"ओळखीचं अंडं लावतो."

"मग लावा की."

दिव्याच्या खोलीतला तो रिवाजच होता. दिवा बदलला, काच खराब झाली, वीज मंद असली, तर आधी असं अंडं लावून बघायचं ज्याच्या पोटात काय आहे ते पक्कं ठाऊक आहे. ते बरोबर दिसलं तर दिवा बरोबर. चौकश्याने इकडेतिकडे बघितलं. ओळखीचे डोळे कुणाचे? मग तो स्वतःच जाऊन त्या बुटक्या स्टुलावर बसला. त्याचे गुडघे छातीला लागले.

"काका, हे लहान मुलांसाठी आहे," कॅमेरेवाला म्हणाला.

"असू दे. गेल्या वर्षी ड्रायव्हरच्या परवान्यासाठी माझे डोळे तपासले होते. दोन्ही ठणठणीत निघाले. तुमच्या हिशेबात धरू नका, नुसतं बघू."

कॅमेरा किलबिलला. हिरवी.

"बघा! कॅमेराच बरोबर," चौकश्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने हातातलं पिल्लू बायकोकडे दिलं. "आता धर माझ्यासमोर. जसं मी पोरांसमोर धरत होतो तसं."

"काहीतरीच काय!"

"धर गं."

तिने पिल्लू त्याच्या नाकासमोर धरलं. पिल्लू चिवचिवलं. त्याने त्याच्याकडे बघितलं. कॅमेरा किलबिलला.

लाल.

तेच डोळे, तीच खोली, तोच माणूस. मधे आलं होतं फक्त पिल्लू. कॅमेरेवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काका," तो हळूच म्हणाला, "सकाळपासूनचे सगळे..."

चौकश्याने त्याला पुढे बोलू दिलं नाही. तो दाराकडे गेला आणि त्याने म्हातारीला हाक मारली. "आई, भिंगरीला आण परत."

"आता काय?"

"आण म्हटलं ना!"

भिंगरी पुन्हा स्टुलावर बसली. "पिल्लू कुठाय?" तिने विचारलं.

"नाही. त्या रंगीत ठिपक्यांकडे बघ."

ती बघत राहिली. आता तिच्या कपाळावर आठी नव्हती, तोंड जरासं उघडं होतं. कॅमेऱ्याने किलबिल केली. चौकश्याने खूण बघितली आणि मान दुसरीकडे वळवली. बायको पुढे झाली, तिनेही बघितलं. तिचा हात पदराकडे गेला.

सांगितलं नसतं तर चाललं असतं का? दहा जणांत पोर पास झाली होती. मालक एकदा तरी खाली बघून गेला होता. आणि आता बाहेर जाऊन सांगायचं की सकाळभर मीच घोळ घातला, माझीच पोर नापास आहे आणि तुमची सगळी ठीक असतील. पण त्या लाल खुणेपुढे बाकीचं सगळं हलकं होतं. तो बाहेरच्या खोलीत गेला. डॉक्टरीणबाई एका पोराच्या डोळ्यात थेंब घालत होत्या.

"बाई, मी घोळ घातलाय," तो म्हणाला, आणि त्याने पिल्लाची सगळी हकिकत सांगितली.

बाईंनी बाटली खाली ठेवली. त्या चिडल्या, आणि चिडल्याचं त्यांनी लपवलं नाही. "पिल्लू! आणि तू काय करत होतास रे?" हे कॅमेरेवाल्याला. त्याने मान खाली घातली. "अख्खी सकाळ पाण्यात गेली. मी मुद्दाम आत डोकावत नव्हते आणि तुम्ही आत पक्षीशाळा भरवलीत!"

"पण बाई," चौकश्या म्हणाला, "पिल्लामुळे असं का होतं?"

ऐन अपमानातही ह्याचं आपलं 'का' चालूच! बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांचा राग थोडा ओसरला. त्यांनी त्याचाच अंगठा धरून त्याच्या डोळ्यांसमोर आणला. "जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग आवळतं. लांबचं बघताना सैल पडतं. यंत्र दोन हात लांबून बघतं, आणि ते धरून चालतं की मूल यंत्राकडे सैलपणे बघतंय. तू पिल्लू जवळ धरलंस. चांगल्या डोळ्यांच्या मुलांची भिंगं आवळली, यंत्राला वाटलं ह्यांना नंबर आहे. आणि ज्या मुलाला उलटा दोष आहे, जवळचंच नीट दिसत नाही, त्याने जीव तोडून भिंग आवळलं आणि यंत्राला वाटलं हे अगदी ठीक."

"तसं मूल लांबचं बघतं?"

"बघतं ना. लहान आहे तोवर ताण घेऊन बघतं. मग डोकं दुखतं, पुस्तक नको वाटतं, जवळची वस्तू चुकते."

चौकश्याच्या बायकोने मागून हे ऐकलं. तिच्या मनात काय आलं असेल ते तिच्या हाताकडे बघून कळत होतं. ज्या हाताने धपाटा घातला होता तो तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता.

"आणि चष्मा नाही लावला तर?" चौकश्याने विचारलं. हा प्रश्न त्याला नको होता, तरी तोंडून गेला.

"डोळा बघायला लहानपणीच शिकतो. त्या वयात त्याला नीट चित्र मिळालं नाही, तर तो शिकायचा राहून जातो. मग मोठेपणी कितीही भारी चष्मा लावा, दृष्टी पुरी येत नाही."

ज्यांना अजून थेंब घातले नव्हते त्या सगळ्या पोरांचं कॅमेऱ्याचं काम पुन्हा करायचं तर खोली दुपारनंतरही लागणार होती. मालक ऐकताच उसळला. "माझी अंडी काय तुमच्या पोरांची वाट बघणार? आधीच उन्हाने निम्मी मरतायत!"

"मालक," चौकश्या म्हणाला, "सगळ्यात आधी तुमच्या नातवाला बसवू. पिल्लाशिवाय."

नातू बसला. हिरवी आली. मालकाने एवढा मोठा श्वास सोडला की मिशा हलल्या. "मी म्हटलं नव्हतं? आमच्या खानदानात कुणाला चष्मा नाही. आणि तुझी पास, काय! पास म्हणे!" तो हसला, झाडाखालचे लोकही हसले. चौकश्या खाली बघून ओल्या बोटांनी ओला सदरा चोळत राहिला. हसून झाल्यावर मालकालाच जरा अवघडल्यासारखं झालं असावं. "घ्या खोली," तो म्हणाला. "पण अंड्यांचं काय?"

"उन्हं कलली की मी बसते दिव्यावर," चौकश्याची बायको म्हणाली. "उठेन ती शेवटचं अंडं बघूनच. तोवर ह्यांना पाणी मारत राहू दे."

भिंगरीच्या थेंबांना म्हातारी आडवी आली. दारात पाय पसरून बसली. "माझी नात झाडाच्या शेंड्यावरचं पाखरू ओळखते. तिला आंधळी ठरवायला निघालात?"

"आई, म्हणूनच," चौकश्या म्हणाला. "लांबचं दिसतं म्हणूनच कुणाला कळलं नाही."

"आणि थेंबांनी काही झालं तर?"

"संध्याकाळपर्यंत अंधुक दिसेल. उजेड टोचेल. मग उतरेल. मी विचारलंय."

"तू विचारलं नसतंस तरच नवल," म्हातारी पुटपुटली, आणि पाय आवरून घेतले.

भिंगरीने आकांत केला. आईने तिचं डोकं मांडीत धरलं, बापाने हात धरले. पोरीच्या अंगात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. थेंब आत गेला, गालावरून ओघळला, तिने बापाच्या मनगटाला चावा घेतला. त्याने हात काढून घेतला नाही. दुसऱ्या डोळ्यातही थेंब गेला. मग बराच वेळ ती आजीच्या पदराखाली हुंदके देत पडून राहिली, आणि चौकश्या तिकडे गोणपाटं भिजवून येरझाऱ्या घालत राहिला.

बाईंनी तिला अंधारात बसवून डोळ्यात उजेड सोडला, एकामागून एक भिंगं पुढे धरली. सरकवली, बदलली. चौकश्या दाराशी होता. त्याच्या तोंडात शंभर प्रश्न होते आणि तो एकही विचारत नव्हता.

"दोन्ही डोळ्यांना बराच मोठा नंबर आहे," बाई अखेर म्हणाल्या. "डावा जास्त अशक्त आहे. पण पाच वर्षांची आहे, वेळ गेलेली नाही. चष्मा रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत. खेळतानाही."

"म्हणजे सुधारेल?"

"लावला तर सुधारेल."

तो खाली बसला. भिंतीला टेकून, ओल्या फरशीवरच. बायको त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि तिने लोकांदेखत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

जाताना पेट्या गाडीत चढवता चढवता त्याने बाईंना गाठलंच. "मग कुठलं यंत्र जिंकलं?"

"अजून सगळं ताडून बघायचंय. अशी आणखी कितीतरी गावं व्हायची आहेत. पण आजच्यापुरतं सांगायचं तर, मोबाईल जरा भित्रा आहे. थोडी शंका आली की लाल. चांगल्या पोरांनाही हेलपाटा घालायला लावतो. कॅमेरा धीट आहे, उगाच घाबरवत नाही, पण एखादं दुसरं निसटू देतो."

"भित्रं बरं की धीट?"

"तुला काय वाटतं?"

चौकश्याने विचार केला. आज सकाळी त्याने धीट सांगितलं असतं. "हेलपाट्याने पाय दुखतात एवढंच," तो म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

चष्मा यायला वेळ लागला. तोवर उष्माही थोडा उतरला होता आणि वीज जरा माणसात आली होती. भिंगरीला चष्मा नकोच होता. नाक टोचतंय, कान दुखतोय, सगळं मोठं मोठं दिसतंय. पहिले काही दिवस ती काढून टाकायची आणि आजी, जी थेंबांना आडवी आली होती, तीच तिच्यामागे काठी घेऊन फिरायची. शाळेत पोरं चार डोळ्यांची म्हणायची. मालकही एकदा म्हणालाच, "आता ही काही दिव्यावर बसायची नाही." तेव्हा चौकश्याच्या बायकोने हातातलं अंडं न थांबवता उत्तर दिलं, "नको बसायला. एक बसलीय तेवढी पुरे."

एका दुपारी चौकश्या ट्रे धुऊन ओट्यावर टेकला होता. भिंगरी येऊन त्याच्या मांडीत बसली. चष्मा नाकावर होता, आणि तो काढायचं ती विसरली होती. तिने बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी जवळ आणला. पापण्या बघितल्या, भुवईवरून बोट फिरवलं. नाकपुडीत डोकावली. मग त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. इतका वेळ की त्याला पापणी मिटवावीशी वाटली, पण त्याने मिटवली नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुझ्या डोळ्यात कुणीतरी बसलंय."

"कोण गं?"

तिने आणखी जवळ येऊन नीट पाहिलं.

"एक चष्मेवाली मुलगी आहे," ती म्हणाली. "माझ्याएवढीच."